स्ट्रोकनंतर सहा महिने झाले की सुधारणा थांबते का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना स्ट्रोक येऊन चार महिने झाले, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. 'जे काय सुधारायचं ते सहा महिन्यांतच' असं कुणीतरी सांगितल्यापासून घरातले सगळे दिवस मोजताहेत, वडील व्यायामाला नाही म्हणतात आणि मध्येच रडतात.

सहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचंही हेच झालं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, उजवा हात-पाय लुळा, बोलणं बंद. मी डॉक्टर नाही, पण हे दिवस काढलेत म्हणून लिहिते.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धीच खरी आहे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा भराभर होते, कारण सूज उतरते आणि मेंदूचा शाबूत भाग गेलेल्या भागाची कामं शिकायला लागतो. पुढे वेग कमी होतो, पण शिकणं चालू राहतं. ह्यांच्या बोटांत पकड आली ती दुसऱ्या वर्षी.

मला फार उशिरा कळलं ते असं, की हात हलत नाही म्हणून माणूस तो वापरायचं सोडून देतो, आणि पुढे थोडी हालचाल परत आली तरी तो हात विसरलेलाच राहतो. त्यात मी भर घालत होते. शर्ट मी चढवायची, बटणं मी लावायची, दोन मिनिटांत काम. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला लावणाऱ्या तज्ज्ञाने, शिकवलं: घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. बटणं त्यांची त्यांना लावू द्या. पहिल्या दिवशी एका बटणाला सात मिनिटं लागली. बटण काजाच्या तोंडाशी यायचं आणि निसटायचं, कपाळावर घाम. माझे हात शिवशिवत होते, मी ते पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. लागलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

'व्यायाम करा' म्हटलं की हे तोंड फिरवायचे, पण स्वतःचा शर्ट हवा होता. तुमच्या वडिलांना काय हवंय ते शोधा. दाढी, दाराची कडी, काहीही. बार्थेल इंडेक्स नावाचा एक तक्ता आहे, 1965 सालचा, अजून सर्रास वापरतात. खाणं, अंघोळ, कपडे, जिना, अशा दहा गोष्टी आणि 100 गुण. त्यात हाताची ताकद विचारलेलीच नाही, माणूस स्वतःचं स्वतः काय करतो ते विचारलंय. बोलणं आणि मन मात्र त्या कागदावर नाही, ते घरच्यांनाच बघावं लागतं.

मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील तर चांगला हात हातमोज्यात बांधून लुळ्या हाताकडून काम करून घेण्याच्या थेरपीबद्दल विचारा. स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिन्यांतल्या रुग्णांवर तिची मोठी चाचणी झाली होती, 2006 मध्ये निकाल आले आणि ते चांगले होते. सगळ्यांना ती झेपत नाही, थेरपिस्ट तपासून सांगतील.

बोलण्याचं. ह्यांना 'पाणी' म्हणता यायचं नाही, पण 'बे एके बे' सुरू केलं की पाढा सरळ यायचा, गाणंही यायचं. पाठ झालेलं बोलणं बऱ्याचदा असं टिकून राहतं. तेव्हा बुद्धी गेली असं समजू नका आणि मोठ्याने ओरडून बोलू नका, कान ठीक असतात. 'हे की ते?' असं विचारा आणि थांबा, वाक्य तुम्ही पुरं करू नका. 'हो' म्हणताना त्यांना 'नाही' म्हणायचं असू शकतं, चेहरा बघा.

रडण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. कधी मनात दुःख नसतानाही रडू कोसळतं, कारण भावना आवरणाऱ्या मज्जातंतूंनाच इजा झालेली असते. दोन्हींवर औषधं आहेत. आम्ही पाच महिने 'धीर धरा' म्हणत घालवले, ते मला आजही लागतं. थकवाही खराच असतो, आळस नव्हे. अर्धा तास एकदम करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीनदा करा.

उठवताना लुळा हात कधीच ओढू नका, खांदा निखळतो. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा घशात पाणी अडकल्यासारखा ओला आवाज येत असेल तर गिळण्याची तपासणी आधी. रक्तदाब घरी मोजून लिहून ठेवा आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका, दुसरा झटका येण्याचा धोका असतो.

पुढच्या भेटीची वाट न बघता रडण्याबद्दल डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा. आणि वडील कोणत्या कामासाठी हात पुढे करतात ते इथे लिहा, त्यातून सुरुवात कशी करायची ते मला सुचेल तेवढं सांगेन.