नोटीस उघडायचीच भीती वाटते, त्या काकांची केस

"मॅडम, टॅक्सचा वैताग हा काय समुपदेशनाचा विषय आहे का, सीएकडे जावं ना माणसाने" असं मला बरेच जण म्हणतात आणि निम्मं खरंच आहे ते. पण झोप लागत नाही, घरात चिडचिड होते म्हणून येणाऱ्यांमध्ये छोटे दुकानदार बरेच असतात आणि जरा खोदलं की खाली हेच निघतं. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

काका पुण्यातल्या धायरीचे, साठीच्या आसपासचे, हार्डवेअरचं दुकान. स्वतःहून नव्हते आले, काकूंनी आणलं. फोनची टिंग वाजली की दचकतात, भरल्या ताटावरून उठतात, मुलावर ओरडतात. पहिला अर्धा तास तर काकांनी मला बोलूच दिलं नाही. जीएसटीचं ११ तारखेला एक रिटर्न, २० ला दुसरं, चुकलं की दिवसाला ५० रुपये, वर ज्याच्याकडून माल घेतला त्याने त्याचं रिटर्न भरलं नाही तर खरेदीवर मी दिलेल्या कराचं क्रेडिट माझं अडकणार, खिळे वजनावर विकतो म्हणून दरवर्षी वजनकाट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, घराच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत आधी काढून घेतली, मग २०२३ ला परत दिली तर त्यासाठी पीटी ३ फॉर्म आपणच भरायचा, आणि आता स्कूटर एप्रिल २०१९ च्या आधीची म्हणून नवी नंबरप्लेट. "आणि एवढं सगळं भरून सिंहगड रोडने खड्ड्यातनंच जायचं ना?"

हे मी खोडायला गेले नाही, मीही त्याच रस्त्याने येते. घरचे लोक इथेच गडबड करतात, "सगळेच भरतात, तुम्हालाच काय एवढं" म्हणाले की माणूस अजून भडकतो, कारण त्याला वाटतं आपलं कुणी ऐकतच नाहीये.

मग मी एकच विचारलं, मेसेज आला की तुम्ही नक्की काय करता? काका जरा वेळ गप्प. "काही नाही. उघडतच नाही."

खरी अडचण ही होती. दुकानात हिशेब बघणारा कामावरचा पोरगा सोडून गेल्यावर दोन-तीन महिन्यांची रिटर्न राहिली, जीएसटीच्या पोर्टलवरून मेल यायला लागले आणि काकांनी ते बघणंच बंद केलं, मनात मात्र दुकानाला सील लागेपर्यंतचा सगळा सिनेमा तयार. असं टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून मेंदू धरून बसतो की न उघडणं म्हणजे सेफ, आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट. इथे तर टाळण्याचा दंडही खरोखर वाढतो, लेट फी दिवसागणिक, थकलेल्या करावर व्याज वेगळं.

पुढच्या वेळी फोन घेऊन या म्हटलं आणि साचलेलं सगळं माझ्यासमोरच उघडलं. प्रत्येक मेसेज उघडायच्या आधी दहापैकी भीती किती आणि आत काय असेल ते काकांनी कागदावर लिहायचं. ज्याला नऊ मार्क दिले होते ती सगळ्यांना जाते तशी तारखेची आठवण निघाली. एक खरी नोटीस होती, रिटर्न भरलं नाही म्हणून, १५ दिवसांत भरा एवढीच. ती घेऊन काका तिथून थेट सीएकडे गेले, तिथे त्यांना कळलं की उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर रिटर्न तीन महिन्यांनी भरायची सोय घेता येते, कर तेवढा दर महिन्याला भरायचा. हे आधी विचारलंच नव्हतं, कारण सीएचा फोनही उचलत नव्हते.

भीती उतरल्यावर राग उरला, आणि तो वेगळाच होता. "इतकी वर्षं धंदा केला, कुणाचा रुपया ठेवला नाही, आणि हे मला पहिल्यापासून चोर धरून चालतात." हा अपमान आहे आणि त्यावर माझ्याकडे गोळी नाही. मी म्हटलं, राग ठेवा, फक्त तो मुलावर काढू नका, तुमच्या व्यापारी संघटनेत जाऊन काढा. ती ४० टक्के सवलत परत आली ती पुणेकरांनी ओरडा केला म्हणूनच की.

ज्यांना हे आपलंच वाटतंय त्यांच्यासाठी, झोप दोन आठवड्यांच्या वर बिघडली असेल, दारू वाढली असेल किंवा जगून काय करायचं असं मनात येत असेल तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा, सरकारचीच फुकट सेवा आहे, मराठीत बोलतात.

काका आता दर सोमवारी दुपारी ठरवून मेल बघतात. मध्यंतरी काकूंना उघडायला लावून स्वतः नुसतं ऐकत होते, ते मी बंद करायला लावलं, कारण ते परत टाळणंच झालं. आता पासवर्ड काकांकडे आणि काकूंकडे फक्त चहा.