वाचकांचे प्रश्न : युगांडातील एका खोलीचा संसार

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील कृषी पदवीधर असून एक वर्षासाठी युगांडातील एका ग्रामीण शाळेत स्वयंसेविका म्हणून जाणार आहे. राहण्यासाठी शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली मिळेल, दिवा सौर पॅनेलवर चालेल, पाणी हातपंपावरून आणावे लागेल आणि स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर होईल, असे मला कळवण्यात आले आहे. तेथे नीट राहता यावे म्हणून आधी कशाची तजवीज करावी?

उत्तर : मळ्यातील खोलीत राहण्याची सवय असलेल्या खानदेशी माणसाला पत्रा, हातपंप आणि शेगडी यांचे अप्रूप वाटणार नाही. जपायचे आहे ते तेथील डासांपासून आणि मातीपासून, म्हणून बॅगेतील पहिली जागा मच्छरदाणीला द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

युगांडाच्या बहुतेक भागांत हिवताप बारमाही असतो आणि तो पसरवणारा डास मुख्यतः सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्यामुळे उकडू लागले की अंगणात खाट टाकण्याची आपल्याकडची सवय तेथे पहिल्या रात्रीपासूनच सोडावी लागेल. मच्छरदाणी कीटकनाशक लावलेली घ्यावी आणि ती टांगण्यासाठी सुतळी व खिळे स्वतःबरोबर न्यावेत, कारण रिकाम्या खोलीत पहिल्या रात्री नेमके तेच मिळत नाहीत. तिची कड अंधार पडण्यापूर्वीच गादीखाली चारही बाजूंनी खोचून ठेवावी आणि जाळीला भोक पडल्यास त्याच दिवशी सुईदोऱ्याने शिवून घ्यावे. ती वारंवार धुऊ नये आणि धुतलीच तर सावलीत वाळवावी, कारण उन्हाने औषधाचा गुण कमी होतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात. आणि गावी परतल्यावर काही महिन्यांनी जरी ताप आला, तरी आपण युगांडात राहून आलो आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगून रक्त तपासून घ्यावे.

खोलीची जमीन मातीची असेल, तर घरातही अनवाणी वावरू नये. तेथील कोरड्या धुळीत जिगर नावाची पिसू असते. तिची मादी पायाच्या बोटांत किंवा नखाच्या कडेला कातडीत शिरते आणि अंडी वाढू लागली की तेथे वाटाण्याएवढी गाठ येते. ती निर्जंतुक सुईने जाणकाराकडूनच काढून घ्यावी, आणि धनुर्वाताची लस आधीच घेतलेली असावी. वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि तिच्या अळ्या कातडीत शिरतात, म्हणून कपडे शक्यतो खोलीत वाळवावेत आणि आतल्या कपड्यांसकट सर्वांवर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवावी. तेथे कोळशाची इस्त्री सर्रास वापरतात.

पाणी साधारण २० लिटरच्या पिवळ्या कॅनमधून आणले जाते. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे आणि अरुंद तोंडाच्या झाकणदार भांड्यात वेगळे ठेवावे. व्हिक्टोरिया सरोवर जवळ असले, तरी त्यात उतरून अंघोळ करू नये, कारण तेथील पाण्यातून शिस्टोसोमा नावाचे कृमी कातडीवाटे शरीरात शिरतात. शेगडी खोलीबाहेरच्या ओट्यावर पेटवावी; दार लावून निखारे आत ठेवल्यास होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेतच जीव घेतो.

तेथील विजेचा दाब आपल्यासारखाच चालणारा आहे, मात्र सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असल्याने एखादा ॲडॅप्टर पुरेल. देशाचा बराच भाग समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असल्याने रात्री गारवा पडतो, तेव्हा जाड चादर न्यावी.

पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रातच मिळते. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. भारतात परततानाही ते दाखवावे लागते आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलग राहावे लागू शकते.

प्रश्न : माझा मुलगाही त्याच देशात सेवाकार्यासाठी निघाला आहे. त्याच्याबरोबर काळा मसाला, पापड आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ किती द्यावे? (एक आई, पारोळा)

उत्तर : मसाला भरपूर द्यावा, पीठ देऊ नये. दमट हवेत पिठाला लवकर कीड लागते, आणि युगांडात ज्वारी व नाचणी दोन्ही पिकतात. कच्ची केळी पानात वाफवून केलेला मटोके, मक्याच्या पिठाचा पोशो, घेवड्याचे दाणे आणि शेंगदाण्याचा दाट रस्सा हे तेथील रोजचे जेवण आहे. त्या रस्श्यात आपला काळा मसाला छान मुरतो. डाळी कंपालातील भारतीय दुकानांत मिळतात. भाकरी थापायला त्याला येथेच शिकवून पाठवावे, आणि तवा मात्र बॅगेत जरूर ठेवावा.