रूम पार्टनरच्या कपाटात गांजा आहे, मी काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. तू पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वय १९. हॉस्टेलच्या खोलीत तिघे राहता. एका रूम पार्टनरच्या कपाटात गांजाची पुडी दिसली. शनिवारी रात्री त्याच खोलीत चार-पाच जण बाटली घेऊन बसतात. तू काहीच घेत नाहीस. पकडले गेलो तर मलाही काढतील का, आणि रेक्टरना सांगू की गप्प राहू, असं तू विचारलं आहेस.

मी शिकवायचो आणि अकरा वर्षं मुलांच्या हॉस्टेलचा रेक्टर होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तुझ्या वयाच्या मुलांशी एकेरीत बोलायची सवय आहे, तसंच बोलतो.

आधी तुझी भीती. ती खोटी नाही. नुसतं त्या खोलीत राहतोस म्हणून तू गुन्हेगार ठरत नाहीस. माल कुणाच्या ताब्यात होता आणि त्याला ते माहीत होतं का, हे कोर्ट बघतं. कपाट त्याचं, कुलूप त्याचं, किल्ली त्याच्या खिशात, याला महत्त्व आहे. पण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यात कलम २५ आहे. जागेचा मालक तर सोडच, पण खोली ज्याच्या वापरात आहे अशा कुणीही तिथं या कायद्याखालचा गुन्हा जाणूनबुजून होऊ दिला, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा त्यालाही लागू शकते. शिवाय माल ताब्यात सापडला की ‘मला कल्पनाच नव्हती’ हे दाखवून द्यायचं ओझं या कायद्यात बरंचसं आरोपीवर येतं. तू पुडी बघितली आहेस. आजपासून तुला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

म्हणून त्या पुडीला हात लावू नकोस. संडासात टाकून मोकळा होऊ म्हणशील तर तेही नको. ‘दोन दिवस तुझ्या बॅगेत ठेव, माझ्याकडे चेकिंग आहे’ असं तो म्हणाला तर सरळ नाही म्हण. तो माल आणायला निघाला असेल तर त्याच्या गाडीवर मागे बसू नकोस. आणि कॉन्ट्रिब्यूशन काढणं! मुलांना वाटतं, चौघांनी मिळून पैसे काढले, एकजण जाऊन घेऊन आला, यात धंदा कुठे आहे? कायदा नफा बघत नाही. विकत घेणं, वाहून नेणं, दुसऱ्याला देणं हे सगळं गुन्ह्यात येतं. मित्रांसाठी आणणारा मुलगाच सगळ्यात आधी अडकतो, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा त्या घोळक्यातला सगळ्यात भिडस्त पोरगा असतो.

आणखी एक गैरसमज कट्ट्यावर हमखास ऐकू येतो: ‘एक किलोपर्यंत गांजा चालतो.’ नाही चालत. कायद्यात गांजाचं ‘अल्प प्रमाण’ एक किलोपर्यंत धरलं आहे, चरसचं १०० ग्रॅमपर्यंत. याचा अर्थ तेवढ्यावर शिक्षा कमी, एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा एका पुडीलाही आहेच. एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, हिशेब तर फारच वेगळा. २०१५ पासून ते या कायद्याखाली आहे. त्याचं अल्प प्रमाण फक्त २ ग्रॅम आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण सुरू होतं, म्हणजे किमान दहा वर्षं आणि जामीनही अवघड. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून पोलिसांनी शेकडो किलो एमडी पकडलं, ते सगळं आपल्या शहराभोवतीच बनत होतं. तुझ्या खोलीत पांढरी पावडर दिसली, तर पुढे मी जे सबुरीचं सांगणार आहे ते विसर आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाकडे जा.

आता दारू. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या मुलांना हे खरंच वाटत नाही, पण महाराष्ट्रात दारू प्यायचं कायदेशीर वय २५ आहे. बिअर आणि वाइनसाठी २१. वर परवाना लागतो, अगदी घरी बसून प्यायलाही. बारमध्ये एकदिवसीय परवाना फाडून देतात त्याने वय वाढत नाही. १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून चालू आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षातल्या मुलाच्या हातातली बिअरची बाटलीसुद्धा बेकायदेशीर आहे. हॉस्टेलचे नियम याहून कडक असतात आणि तसे असायला कायद्याची हरकत नाही. माझ्याकडे पीएचडी करणारा एक २८ वर्षांचा मुलगा परवाना घेऊन भांडायला आला होता. परवाना खरा होता, पण ‘आवारात मद्य आणणार नाही’ या हमीपत्रावर त्याची सहीही खरी होती. रिकाम्या बाटलीत मनी प्लांट लावला म्हणून खोली गेलेली मुलंही मी पाहिली आहेत. प्रवेशाच्या वेळी तू आणि तुझ्या वडिलांनी ज्यावर सही केली तो कागद शोधून एकदा शांतपणे वाच. कारवाई झाली तर नोटीस येईल, शिस्तपालन समितीपुढे बोलावतील, लेखी खुलासा मागतील. खुलाशात खरं लिही. ‘मी झोपलो होतो’ असं तिघांनी एकाच शब्दांत लिहिलेले कागद मी खूप वाचले आहेत.

हे नियमांचं झालं. तुला खरं सांगायचंय ते यापुढे आहे.

२०१३ च्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री पावणेदोनला वॉचमन मामांनी माझं दार वाजवलं. तिसऱ्या मजल्यावर पहिल्या वर्षाचा एक मुलगा उठत नव्हता. मी वर गेलो तेव्हा तो उताणा पडला होता, तोंडाशी उलटी, ओठ निळसर. श्वास इतका सावकाश की मी दोन श्वासांच्या मध्ये थांबून वाट बघत होतो. मुलांनी अकरालाच ओळखलं होतं की काहीतरी बिनसलंय. पावणेतीन तास त्यांनी त्याला लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला, डोक्यावर पाणी ओतलं, मग आतून कडी लावून दिवा मालवला आणि अंधारात त्याच्याभोवती बसून राहिले. शेवटी त्यांच्यातलाच एक रडत मामांकडे गेला.

का नाही उठवलं मला, असं विचारलं. एकजण म्हणाला, ‘सर, तुम्ही लगेच घरी फोन लावता.’

ते खरं होतं. नियम माझाच होता. दारू दिसली की त्याच क्षणी घरी फोन आणि आठ दिवसांत खोली रिकामी. मला त्या नियमाचा अभिमान होता. तो मुलगा चार दिवस आयसीयूत होता, उलटी फुप्फुसात गेली होती. वाचला. त्याचे वडील रात्रीच्या एसटीने आले, माझ्याशी एक शब्द रागाने बोलले नाहीत, आणि ते मला अजून विसरता आलेलं नाही.

त्यानंतर मी नोटीस बोर्डावर एक कागद लावला. जो मदतीसाठी हाक मारेल त्याच्यावर, आणि ज्याच्यासाठी हाक मारली त्याच्यावर, त्या रात्रीच्या पिण्याबद्दल कारवाई होणार नाही. समितीत यावर वाद झाला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. मी ऐकलं नाही. पुढच्या काही वर्षांत मला रात्री नऊ वेळा उठवलं गेलं. त्यातल्या दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं, बाकीचे सकाळी डोकं धरून उठले. पिणं वाढलं असं मला दिसलं नाही. दारं मात्र उघडी राहू लागली.

तुझ्या कॉलेजात असा नियम असेलच असं नाही. तरीही तू हाक मार. शनिवारी खोलीत शुद्धीवर असणारा तू एकटाच असशील, म्हणून हे नीट लक्षात ठेव. हलवून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास फार सावकाश किंवा अडखळत चालला असेल, अंग गार किंवा निळसर पडलं असेल, झटके येत असतील, तर १०८ ला फोन कर, मग रेक्टरना उठव. तोवर त्याला कुशीवर वळव, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. एक मिनिटही एकटा सोडू नकोस. लिंबू, कॉफी, गार पाणी, तोंडात बोटं घालून ओकायला लावणं, यातलं काही करू नकोस. झोपला की उतरेल, असं समजू नकोस, कारण शेवटी प्यायलेली दारू त्यानंतरही बराच वेळ रक्तात उतरत असते. काय घेतलं, किती घेतलं, सोबत गोळ्या होत्या का, हे डॉक्टरांना खरं सांग. हॉस्पिटल पोलिसांना कळवेल कदाचित. कळवू दे. आणि प्यालेल्या कुणालाही रात्री दोनला भुर्जी खायला गाडी काढू देऊ नकोस, किल्ली काढून घे.

आता तुझा रूम पार्टनर. तू त्याच्याबद्दल ज्या तऱ्हेने लिहिलं आहेस त्यावरून तो तुला आवडतो असं दिसतं. मग आधी त्याच्याशीच बोल, चारचौघांत नाही. तुला त्याला एक गोष्ट सांगता येईल जी बहुतेक मुलांना माहीतच नसते. याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. विकणाऱ्याला ते नाही. पण रोज संध्याकाळी जॉइंटशिवाय ज्याला पुस्तक उघडता येत नाही, अशा १९ वर्षांच्या मुलासाठी कायद्याने हे दार मुद्दाम ठेवलं आहे.

तू पुण्यातच आहेस. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पुण्यातली तरुण पोरं गिळायला सुरुवात केली होती तेव्हा, १९८६ साली, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. मी काही मुलांना तिथं घेऊन गेलो आहे. आधी नुसतं बोलायला गेलं तरी चालतं. जायचं नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे. झोप नाही, जीव घाबरतो, केटी, म्हणजे राहिलेले विषय, साचल्यात, घरी तोंड दाखवायची लाज वाटते, असं काही त्यामागे असेल तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आहे. माझ्या पाहण्यात पुडीमागे फार वेळा हेच निघालं.

त्याला मुदत दे. आठ दिवस पुरे. तोवर माल खोलीबाहेर गेला पाहिजे आणि परत यायला नको, एवढंच माग. नाही झालं तर ‘खोली बदलून मिळावी’ असा लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. कारण विचारतील तेव्हा सांग. तो विकत असेल, किंवा त्या शनिवारच्या बैठकीत पहिल्या वर्षाच्या पोरांना ‘घे, नाहीतर बघ’ म्हणून पाजत असतील, तर आठ दिवस थांबू नकोस. बळजबरीने पाजणं हे रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात प्रवेश बंद. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ वर नाव न सांगताही करता येते.

रेक्टर तापट असतील, नुसते ओरडतील असं वाटत असेल, तर ज्यांच्याजवळ मोकळं बोलता येतं अशा एखाद्या मॅडमना किंवा सरांना आधी भेट आणि त्यांना बरोबर घेऊन जा. त्याच्या आईवडिलांना तू फोन करू नकोस. मोठी बहीण, मामेभाऊ, असं कुणी त्याच्या जवळचं असेल तर त्यांना सांग.

शनिवारची वाट बघू नकोस. मधल्या वारी, संध्याकाळी, त्याने काही घेतलेलं नसताना त्याला चहाला बाहेर ने. पुडी पाहिली हे सांग, ६४-अ सांग, आठ दिवस सांग. तो चिडेल, ‘तुझा काय संबंध’ म्हणेल, दोन दिवस बोलणार नाही. त्या दोन दिवसांत मेसमध्ये त्याच्याच टेबलावर बस.