हॉटेलची सौरवीज आणि बॅटरी : वाचकांचे प्रश्न

गच्चीवर पॅनेल बसवलेल्या हॉटेलचालकांकडून तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न : नेट मीटरिंग (जादा सौरवीज वीज कंपनीला देऊन बिलात वळती करणे) आहे, तरी वीज गेली की भर उन्हात सगळे बंद. फसवले का? (मालवण)

उत्तर : नाही. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच मुद्दाम थांबतो. पॅनेलची वीज तारांत उलटी जाऊन खांबावरच्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. तेव्हाही वीज हवी तर हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींसोबत चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. आहे त्या यंत्रणेत काय जोडता येईल, ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराला जागेवर दाखवून ठरवा.

प्रश्न : केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान हॉटेलला मिळते का? (पाचगणी)

उत्तर : नाही, ती योजना घरांसाठी आहे. मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, '१० किलोवॉटची बॅटरी घ्या, १२ खोल्यांचे एसी रात्रभर चालतील.' (अलिबाग)

उत्तर : चालणार नाहीत. किलोवॉट म्हणजे एका वेळी किती भार पेलेल ते. साठा मोजतात बिलावरच्या युनिटांत. हे दोन आकडे मिसळूनच माल खपवला जातो. एका एसीला ताशी एक युनिट धरले तरी १२ खोल्यांना आठ तासांत ९६ युनिटे लागतात. बॅटरीवर रिसेप्शन, जिन्यातले दिवे, सीसीटीव्ही, वायफाय आणि फ्रीज ठेवा. वापरता येणारी युनिटे किती, हे कोटेशनवर लेखी घ्या आणि ते बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : जागा नाही, म्हणून लिथियम बॅटरी जिन्याखाली ठेवतोय. नवीन बॅटरी पेटत नाही, असे ऐकले. (गणपतीपुळे, तीन मजली लॉज)

उत्तर : ठेवू नका. हे ऐकीव वाक्य मला दर हंगामात ऐकावे लागते, आणि दर वेळी काळजी वाटते. 'नवीन' म्हणतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी इतर लिथियम प्रकारांहून स्थिर असते, एवढेच खरे. सेल बिघडला किंवा बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज झाली, तर तीही तापते आणि विषारी, पेट घेणारा वायू सोडते. विझलेली आग पुन्हा भडकू शकते. लेड-ॲसिडलाही बंद कोनाडा चालत नाही. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. अशा लॉजमध्ये बहुधा जिना एकच असतो. रात्री दोन वाजता त्यात धूर भरला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांनी उतरायचे कुठून? पार्किंगमधली एका गाडीची जागा सोडा आणि इमारतीपासून वेगळी, सावलीतली, हवेशीर पक्की खोली बांधा. गॅस सिलिंडर आणि जनरेटरच्या डिझेलपासून लांब. बंद करायचा स्विच बाहेर हाताशी असू द्या, धूरसूचक बसवा. खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात, त्या पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या. आराखडा अग्निशमन अधिकारी आणि विद्युत निरीक्षकांना दाखवा, आणि तोही पैसे भरण्याआधी.

प्रश्न : बॅटरीने बिल उतरते का? (नाशिक)

उत्तर : दिवसाच्या आणि संध्याकाळच्या दरात पुरेसा फरक असेल तरच. वर्षभराची बिले घेऊन ऊर्जा लेखापरीक्षकाकडे जा.

प्रश्न : दोन बॅटऱ्या फुगल्यात, पण चालतात. मेचा सीझन संपल्यावर बदलू? (तारकर्ली)

उत्तर : आजच वापर थांबवा. उघडू नका, हलवू नका. कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवा. भंगारवाल्यालाही देऊ नका. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटरीच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकाची आहे.