घोरण्याचे मार्क

परत तेच. निम्म्या लोकांनी मोबाईलवर घोरण्या-झोपेचा फॉर्म भरून मार्क पाठवलेत आणि विचारलंय, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार, आहे की नाही. अहो, तो फॉर्म आहे, रिपोर्ट नाही.

स्टॉप-बँग या आठ हो-नाही प्रश्नांच्या फॉर्ममध्ये ८ पैकी ५ आले. म्हणजे आहेच ना? (इंदिरानगर)
नाही, शक्यता जास्त आहे, स्लीप स्टडी, म्हणजे रात्री झोपेतला श्वास मोजणारी टेस्ट, करून घ्या.

वय ५४, बीपीची गोळी चालू, घोरत अजिबात नाही तरी ३ मार्क. तपासणी कॅम्पवाले म्हणतात आजच सीपॅप (झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन) घेतलं तर डिस्काउंट. (अंबड)
पन्नाशी ओलांडली एक, पुरुष एक, बीपी एक, झाले तीन! या हिशोबाने कंपनीतले निम्मे सुपरवायझर मशीन लावून झोपतील. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून पेशंट सुटू नये म्हणून हा फॉर्म टोरांटोत बनला, २००८ मध्ये छापून आला, त्यामुळे जाळं मुद्दाम बारीक आहे, नसलेलेही त्यात अडकतात. टेस्टशिवाय मशीन विकणाऱ्याला नमस्कार करा आणि घरी या. बीपी आहे तर फिजिशियनशी मात्र बोला.

रात्री पिकअप घेऊन वाशी मार्केटला जातो. एपवर्थच्या फॉर्ममध्ये ४ आले, १० पर्यंत नॉर्मल ना? बायको म्हणते झोपेत श्वास अडकतो. (पिंपळगाव बसवंत)
दादा, तुमच्या मार्कांपेक्षा वहिनींवर माझा जास्त विश्वास आहे. एपवर्थ झोपाळूपणा मोजतं, श्वास मोजत नाही, आणि उत्तरं आपली आपणच द्यायची. गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली की डुलकी लागते का, याला कुठला ड्रायव्हर हो लिहील, धंदा जायची भीती असते, आणि काहींना तर वर्षानुवर्षं अर्धवट झोपून ती गुंगीच नॉर्मल वाटायला लागते, म्हणून खोटं न बोलताही शून्य पडतो. ताशी ६० च्या स्पीडला ३ सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर गेलेली असते, कसारा घाटात ५० मीटर म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. चहा, तंबाखू, खिडकी उघडी, हे उपाय मला सांगू नका. द्राक्षाचा सीझन संपू दे मग बघू, हेही नको. याच आठवड्यात छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, वहिनींना सोबत न्या, आणि टेस्ट होईपर्यंत रात्रीची गाडी दुसऱ्याला द्या.

स्मार्टवॉच झोपेत ऑक्सिजन चांगला दाखवतं. पुरे ना? (गंगापूर रोड)
नाही.

मी ४६ वर्षांची, जाड नाही, स्टॉप-बँगमध्ये मार्क १. पण सकाळी डोकं दुखतं, दिवसभर थकवा. मैत्रीण म्हणते मेनोपॉज. (पंचवटी)
मैत्रिणीने तपासलं का? बायकांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, झोपमोड हीच तक्रार पुष्कळदा पुढे येते आणि फॉर्ममध्ये पुरुष असल्याचा एक मार्क तसाही मिळत नाही. वजनाचा मार्क बीएमआय ३५ च्या वर, म्हणजे पाच फूट पाच इंचाला ९५ किलोच्या पुढे, आपल्याकडे त्याच्या बऱ्याच आधी हा आजार सापडतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या आणि झोपेचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

नवरा घोरतो पण कबूलच करत नाही. फॉर्म कोणी भरायचा? (नाशिकरोड)
तुम्ही. आणि रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवा, नवऱ्याला नको.