टार्गेट कधी दिसणार ते आधी बघ रे

अरे, दुर्बिणीवर वेळ मागायचं प्रपोजल टाकायच्या आधी टार्गेटचं राइट असेन्शन (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, तास-मिनिटांत) बघ, स्थानिक नाक्षत्र वेळ (ताऱ्यांवरून मोजलेली तिथली वेळ) तेवढीच झाली की टार्गेट मेरिडियनवर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा), म्हणजे सगळ्यात उंच. देवयानी दीर्घिकेचं ० तास ४३ मिनिटं आहे, म्हणून ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री मेरिडियनवर येते, एप्रिलमध्ये मागितलीस तर सूर्य त्याच बाजूला, बसा बोंबलत. तारे रोज ४ मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला झाले २ तास, एवढं डोक्यात ठेवलंस तरी बरंच काम होतं. क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली जाऊ नकोस, एअरमास (प्रकाशाच्या वाटेतली हवा, थेट डोक्यावर १ धरून) २ च्या वर जातो. अगदी डोक्यावरचंही नको, मोठ्या दुर्बिणी बहुतेक अल्टअझिमथ (वर-खाली आणि आडव्या फिरणाऱ्या), तिथे ट्रॅकिंग बोंबलतं. आणि चंद्र! मी एकदा फिकट दीर्घिकेसाठी नेमकी पौर्णिमा घेतली होती, हसू नकोस.