पुस्तक घ्यायच्या आधी क्रिएटिनिनचं पान उघड

लातूरहून एका मुलीचं पत्र आलंय. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सॅम्पल घ्यायला जाते. लिहिते, "मॅडम, क्लिनिकल केमिस्ट्रीसाठी (रक्तातली शुगर, यूरिया असल्या टेस्टचा विषय) सर म्हणतात टिट्झचं पुस्तक घ्या, मैत्रिणी म्हणतात गाईड पुरे. बाबा म्हणाले एकच पुस्तक घेऊन देतो, नीट चौकशी कर. बारावीपर्यंत मराठी मीडियम होतं, इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या पानावरच अडकते. काय घेऊ?"

अगं, आधी एक सांगते. मी या मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी बरीच वर्षं लॅबमध्येच होते, त्यामुळे तुझा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट, एका छोट्या लॅबमध्ये होते, एका पेशंटचं पोटॅशियम आलं ९ आणि कॅल्शियम आलं ४. पेशंट तर समोर बाकावर बसून चहा पितोय. मी घाबरले, रन परत लावला, परत तेच, कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावला तर तो एकदम बरोबर, आता मशीनला तरी काय बोलणार. तेवढ्यात सीनियर ताई आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "रक्त आधी कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं होतं?" झालं होतं असं की प्लेन ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून घेणाऱ्याने जांभळ्या ट्यूबमधलं थोडं त्यात ओतलं होतं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचं पोटॅशियमवालं मीठ असतं, ते पोटॅशियम वाढवतं आणि ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून एक वर गेलं आणि एक खाली आलं. हिमोलिसिस असता, म्हणजे लाल पेशी फुटल्या असत्या, तर सिरम गुलाबी दिसलं असतं, इथे मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही. माझ्या गाईडमध्ये पोटॅशियमची नॉर्मल रेंज ३.५ ते ५ दिली होती, ती मला तोंडपाठ होती आणि त्या दिवशी तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून पुस्तक जाडीवरून, किमतीवरून किंवा सरांनी नाव घेतलं म्हणून ठरवू नकोस. दुकानात किंवा लायब्ररीत गेलीस की रोज हाताखालून जाणारी एक टेस्ट काढ, समजा किडनीसाठी करतात ती क्रिएटिनिन. आता बघ, अल्कलाइन पिक्रेट या केमिकलने नारिंगी रंग येतो एवढं सांगून पुस्तक थांबतं, की पुढे हेही सांगतं की जाफेची ही रिअ‍ॅक्शन १८८६ पासूनची आहे आणि ती एकट्या क्रिएटिनिनलाच रंग देत नाही, किटोन असले तरी रंग वाढतो, म्हणजे शुगर खूप वाढून किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये आलेल्या पेशंटचं क्रिएटिनिन खोटं जास्त येऊ शकतं, आणि काविळीत वाढणारं बिलिरुबिन जास्त असेल तर उलट कमी. हे ज्या पुस्तकात आहे ते तुला लॅबमध्ये उभं राहायला शिकवेल. दुसरं, क्वालिटी कंट्रोलचा धडा शोध. लेव्ही-जेनिंग्ज चार्ट (रोजच्या कंट्रोलचे आकडे मांडायचा आलेख) आणि वेस्टगार्डचे नियम (त्यावरून रन घ्यायचा की नाकारायचा ते ठरवणारे) नुसत्या व्याख्येत उरकलेत, की चार्ट काढून दाखवलाय आणि कंट्रोल बाहेर गेला तर काय करायचं ते सांगितलंय? रिपोर्ट सोडायचा की थांबवायचा हे तुला नोकरीत रोज ठरवावं लागणार आहे.

आणि युनिट बघ गं, याकडे कुणाचं लक्षच जात नाही. अमेरिकन पुस्तकात बीयूएन, म्हणजे यूरियातला फक्त नायट्रोजन, असतो, आपल्याकडे बऱ्याच रिपोर्टवर ब्लड यूरिया. बीयूएन १४ म्हणजे यूरिया साधारण ३०, २.१४ ने गुणायचं. ब्रिटिश पुस्तकात ग्लुकोज ५ लिहिलेलं दिसलं की मुली दचकतात, ते मिलिमोलमध्ये असतं, १८ ने गुणलं की आपल्या मिलिग्रॅममध्ये ९० झालं. उद्या दुबईला नोकरी लागली तर हेच लागेल.

आता नावं. टिट्झचा मोठा ग्रंथ खरंच थोर आहे, पण तो विकत घ्यायचा नाही, कॉलेजच्या लायब्ररीत बसून अडलं तिथे उघडायचा. बिशपचं पुस्तक मला विद्यार्थ्यांसाठी फार आवडतं, टेक्निशियन होणाऱ्यांसाठीच लिहिलंय, त्यात पेशंटच्या केस आहेत आणि भाषा पण झेपते. प्रफुल्ल गोडकरांचं पुस्तक आपल्याकडच्या लॅबमध्ये काम कसं चालतं ते धरून आहे आणि त्यात हिमॅटॉलॉजी वगैरे बाकीचे विषय पण येतात. तुझं बजेट आणि परीक्षा दोन्ही बघता बाबांना गोडकरांचंच घ्यायला सांग, आणि बिशप लायब्ररीतून आठवड्याला एक टेस्ट असं वाच. पुढे बीएस्सी किंवा एमएस्सी करायचं ठरलं तर तेव्हा बिशप विकत घे.

जुनी आवृत्ती चालेल का, असं कुणीतरी विचारणारच. फोटोमीटर (रंग मोजायचं मशीन) आणि बीअर-लँबर्टच्या नियमासाठी (रंग जितका गडद तितका पदार्थ जास्त) बिनधास्त चालेल. पण हार्टच्या मार्करचा, म्हणजे हार्ट अटॅक ओळखायच्या टेस्टचा, धडा जुना नको, ट्रोपोनिनच्या टेस्टने तिथे सगळंच बदललंय. आणि ज्या पुस्तकात शुगरसाठी फोलिन-वू ही जुनी पद्धतच मुख्य आहे आणि आताची एन्झाइमची जीओडी-पीओडी दोन ओळीत, ते कितीही स्वस्त मिळो, ठेवून दे.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस, मी पण जिल्हा परिषदेच्या शाळेतली. या विषयात तेच तेच शब्द फिरून येतात, इंटरफिअरन्स, लिनिअरिटी, कॅलिब्रेशन, एक छोटी वही कर आणि समोर मराठीत तुझ्या शब्दांत लिही. सुरुवात पुस्तकाने नको, किटच्या डब्यात घडी करून ठेवलेला कागद असतो ना, जो सगळे फेकून देतात, तो घे. तुमच्या मशीनवर जे क्रिएटिनिन लागतं त्याची लिनिअरिटी किती (कुठल्या आकड्यापर्यंत उत्तर भरवशाचं), सॅम्पल किती वेळ टिकतं, कशाने खोटं येतं, सगळं त्यावर असतं, आणि पानं दोनच.

उद्या संध्याकाळी लॅबमधल्या ताईंना विचारून तो कागद घरी ने, मग लायब्ररीत बिशप आणि गोडकर दोन्हींत क्रिएटिनिनचं पान उघड आणि तिन्ही शेजारी ठेवून वाच. किटोनबद्दल कुणी काय लिहिलंय ते मला कळव, तुझ्या पत्राची वाट बघते.